मेंदूचे बाह्यक : बदलाची क्षमता आणि तिच्या मर्यादा

मानवी मेंदूचा पृष्ठभाग घड्या पडलेल्या करड्या थराने आच्छादलेला असतो. या थरास प्रमस्तिष्क बाह्यक अथवा कॉर्टेक्स असे म्हणतात. त्याची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर असली, तरी त्यात सुमारे १६ अब्ज चेतापेशी असतात. पाहणे, ऐकणे, स्पर्श, ऐच्छिक हालचाल, भाषा आणि विचार ही कार्ये मुख्यत्वे या थरावर अवलंबून आहेत. प्रौढपणी त्याची रचना कायमची निश्चित होते, अशी समजूत विसाव्या शतकात दीर्घकाळ प्रचलित होती. प्रत्यक्षात अनुभव, सराव आणि इजा यांनुसार बाह्यक आयुष्यभर बदलत राहते. मात्र हा बदल अमर्याद नसतो आणि तो नेहमी हितकारकच असतो असेही नाही.

बदल कसा घडतो?

कॅनडातील शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या बाह्यकास सौम्य विद्युत उद्दीपन देऊन शरीराचा ‘नकाशा’ तयार केला. १९३७ साली तो प्रसिद्ध झाला. ओठ व बोटे यांसारख्या सूक्ष्म काम करणाऱ्या अवयवांना बाह्यकात मोठी जागा मिळते, हे त्यातून स्पष्ट झाले.

एकाच वेळी उद्दीपित होणाऱ्या चेतापेशींमधील जोडणी बळकट होते, असा सिद्धान्त डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडला. १९७३ मध्ये टिमोथी ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूतील स्मृतीशी संबंधित भागात अशी दीर्घकाळ टिकणारी बळकटी प्रत्यक्ष दाखवली. पुढे बाह्यकातही तशीच प्रक्रिया आढळली. उपयोगात नसलेल्या जोडण्या मात्र क्षीण होतात. २००४ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी काही प्रौढांना तीन चेंडू हवेत खेळवण्यास शिकवले. तीन महिन्यांत त्यांच्या मेंदूतील गतीचे दृश्य आकलन करणाऱ्या भागातील करडे द्रव्य वाढल्याचे दिसले. सराव थांबल्यावर ही वाढ ओसरू लागली.

बालपणातील निर्णायक काळ

डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टेन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवून प्रयोग केले. पुढे तो उघडल्यावर डोळा निरोगी असूनही बाह्यक त्याच्या संदेशांना फारसा प्रतिसाद देत नव्हते. दृष्टिसंस्थेवरील संशोधनाबद्दल या दोघांना १९८१ च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

मुलांमधील ‘आळशी डोळा’ हा विकार याच स्वरूपाचा आहे. तिरळेपणा किंवा दोन डोळ्यांच्या चष्म्याच्या क्रमांकांतील फरक यांमुळे मेंदू एका डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. योग्य चष्मा लावून किंवा चांगल्या डोळ्यावर काही काळ पट्टी बांधून उपचार केले जातात. वयाच्या सातव्या वर्षापूर्वी त्यांना प्रतिसाद अधिक चांगला मिळतो.

तथापि हा काळ उलटल्यावर सर्व वाटा बंद होतात असे नाही. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमात भारतातील जन्मतः अंध मुलांवर शस्त्रक्रिया करण्यात आल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, दृष्टी मिळताच या मुलांना हाताने चाचपलेली वस्तू केवळ पाहून ओळखता येत नव्हती. परंतु काही दिवसांतच ती ओळखता येऊ लागली. दृष्टीची सूक्ष्मता मात्र अशा मुलांमध्ये बहुधा कमीच राहते.

पक्षाघातानंतर

पक्षाघातात बाह्यकाचा एखादा भाग मृत झाल्यास त्याच्या सभोवतालचे व त्याच्याशी जोडलेले भाग काही कार्ये उचलतात. दुर्बल हात वापरलाच नाही, तर मेंदू तो न वापरण्यासच ‘शिकतो’. यावर एडवर्ड टॉब यांनी उपचारपद्धती विकसित केली. तीत चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवून दुर्बल हाताकडून रोज अनेक तास काम करून घेतले जाते. अमेरिकेतील २२२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या पद्धतीने हाताच्या कार्यात लक्षणीय सुधारणा झाली व ती वर्षभर टिकली. हा उपचार हातात काही हालचाल शिल्लक असलेल्या रुग्णांसाठीच आहे. तसेच पहिल्या २४ तासांत अतितीव्र व्यायाम दिल्यास अपाय होऊ शकतो, असे २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत आढळले. त्यामुळे व्यायामाची वेळ व प्रमाण तज्ज्ञांनीच ठरवणे आवश्यक असते.

बदलाची दुसरी बाजू

अतिसराव कधी घातकही ठरतो. काही वादकांची बोटे वाजवताना आपोआप वळतात. अशा रुग्णांच्या बाह्यकात बोटांच्या जागा एकमेकींत मिसळल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे.

अवयव कापल्यानंतरही तो असल्याचा भास होतो व त्यात वेदनाही जाणवतात. हाताची रिकामी जागा शेजारचे भाग व्यापतात, असे स्पष्टीकरण व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात दिले आणि आरशाच्या साहाय्याने उपचार सुचवला. या उपचाराचा लाभ सर्वांना सारखा होत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन रुग्णांची हात कापण्यापूर्वी व नंतर तपासणी करण्यात आली. त्यांच्या बाह्यकातील हाताचा नकाशा बव्हंशी कायम असल्याचे आढळले.

यावरून बाह्यक कोऱ्या पाटीसारखे पुसून नव्याने लिहिता येत नाही, हे दिसून येते. उपलब्ध जोडण्या योग्य वेळी आणि नियमित सरावाने बळकट करणे, हाच पुनर्वसनाचा आधार आहे. त्यासाठी बालकांची वेळेवर नेत्रतपासणी आणि पक्षाघातानंतर सातत्याने केलेला व्यायाम यांस विशेष महत्त्व आहे.