डोळे येणे

डोळे येणे (नेत्रश्लेष्मलाशोथ) : पापण्यांच्या आतून आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पसरलेल्या पातळ, पारदर्शक अस्तराला येणारी सूज. डोळा लाल होतो, वाळू गेल्यासारखा खुपतो, पाणी गळते. सकाळी चिपडांनी पापण्या चिकटतात. ॲलर्जीने आणि जिवाणूंनीही डोळे येतात. मोठ्या साथी मात्र बहुधा ॲडिनोव्हायरस किंवा एंटरोव्हायरस या विषाणूंच्या असतात.

१९६९ मध्ये घानात उद्भवलेली रक्तस्रावी डोळ्यांची साथ १९७१ मध्ये मुंबईत पोहोचली. डोळे बरे झाल्यावर काही मोजक्या रुग्णांचे पाय लुळे पडले; मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी त्याची नोंद १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली. पुणे जिल्ह्याला अलीकडची आठवण जुलै २०२३ ची. आळंदीत शाळकरी मुलांचे डोळे आले आणि पाठोपाठ राज्यभर साथ पसरली.

नुसते डोळ्यांत पाहिल्याने साथ लागते, हा समज खोटा आहे. डोळ्याचा स्राव हाताला, हातावरून टॉवेल, उशी, मोबाइल, दाराची कडी यांना आणि तिथून दुसऱ्याच्या डोळ्याला लागतो. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, संसर्ग थांबत नाही. साबणाने वारंवार हात धुणे, टॉवेल व अंथरूण वेगळे ठेवणे आणि मुलाला काही दिवस शाळेत न पाठवणे, एवढ्याने घर वाचते. विषाणूजन्य आजार साधारण एक ते दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापसाने चिपडे पुसावीत. गार पाण्याच्या घडीने आराम पडतो. प्रतिजैविकांचे थेंब विषाणूवर चालत नाहीत. मध, गुलाबपाणी, अंगावरचे दूध डोळ्यात घालू नये.

पुणे जिल्ह्याच्या राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात गुंजवणी नदीच्या खोऱ्यातले मार्गासनी आणि शेजारची भोरकडची गावे भाताची. साथीचा पावसाळा आणि शेतीची धांदल इथे एकाच वेळी येते, म्हणून एक धोका ठळकपणे सांगायला हवा. भाताचे पाते किंवा कापणी-झोडणीत उडालेले तूस बुबुळाला लागले, तर डोळा तसाच लाल होतो. घरात ‘डोळे आलेत’ म्हणून सोडून देतात. अशा जखमेत बुरशी शिरली की बुबुळावर व्रण होतो, पांढरा ठिपका दिसू लागतो. त्यावर दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले, तर लाली ओसरल्यासारखी वाटते आणि आत बुरशी फोफावते. नजर कायमची जाऊ शकते. डोळे येण्यापेक्षा ही चूक कितीतरी घातक आहे.

खूप दुखणे, अंधूक दिसणे, उजेड अजिबात सहन न होणे, बुबुळावर ठिपका, एकाच डोळ्याची लाली आणि आधी काही लागल्याचा इतिहास, किंवा नवजात बाळाचे डोळे येणे: यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. लेन्स वापरणाऱ्यांनी ती लगेच काढून ठेवावी. शेजाऱ्याच्या उरलेल्या बाटलीतले थेंब कोणीही वापरू नयेत.