बेरेझिल नाट्यसंस्था आणि यंत्रयुग

युक्रेनी प्रयोगशील रंगभूमीवर यंत्र प्रथम ठळकपणे अवतरले ते ‘बेरेझिल’मुळे. दिग्दर्शक लेस कुर्बास (१८८७–१९३७) यांनी १९२२ साली कीव्ह येथे ही संस्था स्थापन केली. १९२६ मध्ये ती सोव्हिएत युक्रेनची त्या वेळची राजधानी खारकीव्ह येथे गेली. जुनी युक्रेनी रंगभूमी खेडे, शेतकरी आणि लोकगीते यांत रमलेली होती. कुर्बास यांना कारखान्याचे आणि महानगराचे नाटक हवे होते. संस्थेची रचनाही त्यांनी कार्यशाळा आणि दिग्दर्शकांची प्रयोगशाळा अशी केली.

‘गॅस’ (१९२३) हा या वळणाचा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग. गेओर्ग कायझर यांच्या या जर्मन नाटकात गणिती सूत्र अचूक असूनही कारखान्याचा स्फोट होतो, तरीही कामगारांना तेच उत्पादन पुन्हा सुरू करायचे असते. नेपथ्यकार वादिम मेलेर यांनी रंगवलेले पडदे टाळून उघडीवाघडी, अनेक पातळ्यांची बांधणी उभारली. यंत्र मात्र नटांच्या शरीरांतूनच घडले : तालबद्ध हालचालींचे कसून शिक्षण घेतलेला समूह एकत्र येऊन चालू यंत्राचा भास निर्माण करी. रशियन दिग्दर्शक मेयरहोल्ड यांच्या बायोमेकॅनिक्स या नटांच्या शारीरिक प्रशिक्षणपद्धतीशी याची नेहमी तुलना होते, पण ती अपुरी आहे. कुर्बास यांना शारीरिक कार्यक्षमतेपेक्षा प्रेक्षकाच्या मनात अर्थाचे तरंग उठवणारी प्रतिमा महत्त्वाची वाटे. त्यांच्या यंत्रात सामर्थ्याइतकीच धास्तीही होती.

त्याच वर्षी अप्टन सिंक्लेअर यांच्या कादंबरीवरील ‘जिमी हिगिन्स’मध्ये चित्रपटाची दृश्ये रंगमंचावरील कृतीत गुंफली गेली. ‘मॅकबेथ’मध्ये (१९२४) स्थळांची नावे लिहिलेले हिरवे फलक वरून उतरत. मेलेर यांच्या रंगमंचरचनेला १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. १९२९ मध्ये रेडिओच्या लहरीचे नाव घेऊन एक हलकाफुलका रेव्ह्यूही सादर झाला.

पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात सोव्हिएत सत्तेला उत्पादनाची निःशंक गौरवगाथा हवी होती. नाटककार मिकोला कुलिश यांच्या, ‘बेरेझिल’ने सादर केलेल्या ‘नारोदनी मालाखी’ची (१९२८) उपरोधिक नजर तिला मानवणारी नव्हती. ऑक्टोबर १९३३ मध्ये कुर्बास यांना संचालकपदावरून काढण्यात आले आणि डिसेंबरमध्ये अटक झाली. कैदी म्हणून त्यांना श्वेत समुद्र–बाल्टिक कालव्यावर पाठवण्यात आले. ३ नोव्हेंबर १९३७ रोजी रशियातील सांदारमोख येथे कुर्बास आणि कुलिश या दोघांनाही गोळ्या घालण्यात आल्या. संस्थेचे नाव १९३५ सालीच बदलून कवी तारास शेवचेंको यांचे देण्यात आले होते; खारकीव्हचे ते नाट्यगृह आजही त्याच नावाने ओळखले जाते.