जखमी पाय आणि बहात्तर तास

पुण्यात शस्त्रक्रियेचा इतिहास सांगावयाचा, तर आरंभ पुण्यापासूनच करणे उचित होय. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाची हकिकत छापली. तो इंग्रजी फौजेचे बैल हाकीत असता टिपूच्या हाती सापडला व नाक आणि एक हात गमावून बसला. पुण्याजवळच्या, विटा घडविणाऱ्या जातीतील एका वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक केले. यातील मर्म असे की, ती कातडी एकदम तोडली नाही. सुमारे पंचविसाव्या दिवसापर्यंत तिचा एक पदर मुळाशी जोडलेला ठेवला. रक्त चालू तोवर मांस जिवंत, हे त्या वैद्यास ठाऊक होते.

नाकाशेजारी कपाळ आहे, पायाचे काय? आपल्या नडगीवर हात फिरवून पाहावा. कातडीखाली लगेच हाड लागते. तेथील मांस गेले की हाड उघडे पडून सुकते, पू धरते. त्यावर नुसती पातळ कातडी लावली तर टिकत नाही. म्हणून पूर्वी एका पायाचे मांस दुसऱ्यास जोडून दोन्ही पाय तीन-तीन आठवडे एकत्र बांधीत. नाही तर पाय कापीत.

दूरचे मांस त्याच्या रक्तवाहिन्यांसह उचलून जखमेजवळील वाहिन्यांना शिवावे, हा खरा उपाय. पण वाहिनी शिवणार कोण? १८९४ साली फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो यांस लिआँ शहरी भोसकण्यात आले. तुटलेली मोठी शीर जोडण्याची विद्या तेव्हा नव्हती. ही गोष्ट तरुण अलेक्सी कारेलच्या मनास लागली. त्याने तेथील भरतकाम करणाऱ्या मादाम लेरुदिए यांच्याकडे बारीक सुईदोऱ्याचे काम शिकून १९०२ मध्ये वाहिन्या जोडण्याची रीत प्रसिद्ध केली. १९१२ चे नोबेल पारितोषिक कारेलला मिळाले. आमच्या हिशेबी त्यात त्या बाईंचाही वाटा आहे.

१९६० मध्ये अमेरिकेत जेकबसन व सुआरेझ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे दीड मिलिमीटर रुंदीच्या वाहिन्या शिवून दाखविल्या. १९६३ मध्ये शांघायमध्ये चेन चुंगवेई यांनी एका यंत्रकामगाराचा तुटलेला हात परत जोडला. १९७३ मध्ये मेलबर्नच्या टेलर व डॅनियल यांनी जांघेतील कातडी वाहिन्यांसह उचलून पायाच्या जखमेवर बसविली. दोनच वर्षांनी टेलर व सहकाऱ्यांनी एका पायातील बारीक हाड दुसऱ्या पायाच्या नडगीत जिवंत बसविल्याचे प्रसिद्ध केले.

आता मुख्य मुद्दा. युगोस्लाव्हियातील ल्युब्लियाना येथील मार्को गोदिना याने ५३२ रोग्यांचा हिशेब मांडला. १९८६ त तो प्रसिद्ध झाला, तेव्हा गोदिना मोटार अपघातात मरण पावला होता. पहिल्या ७२ तासांत जखम झाकलेल्यांत बसविलेले मांस वाया गेले शेकडा पाऊण, हाडात पू झाला शेकडा दीड. ७२ तास ते तीन महिने लोटलेल्यांत हेच प्रमाण शेकडा १२ व साडेसतरा! पुढील संशोधकांनी ही मर्यादा इतकी काटेकोर मानली नाही. काही पाय कापणेच शहाणपणाचे, हेही दिसून आले. पण ‘लवकर करा’ हे सूत्र टिकले.

आम्ही सातवीनंतर शाळा सोडून कारखान्यात गेलो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते : कोणता अवयव कोठे तुटला म्हणजे कमाईची शक्ती शेकडा किती गेली. ते आम्ही तोंडपाठ केले. आमच्या एका सोबत्याची नडगी लोखंडी पत्र्याखाली चेचली. तो अकरा दिवस एका लहान दवाखान्यात मलमपट्टीवर होता. मग पाय कापला. आम्ही शेकड्यासाठी भांडलो, जिंकलो, हारही घालून घेतले. ते अकरा दिवस कोठे गेले, हे आम्ही विचारले नाही. ती चूक आमची.

म्हणून प्रत्येक संघटनेने आपल्या फाटकावर एक कागद लावावा : मांस-वाहिन्या जोडणारा शस्त्रवैद्य जवळ कोठे आहे, तेथे गाडी कोण नेईल, खर्चाची हमी कोण देईल. गेलेल्या पायाची किंमत ठरविण्यात आमची उमेद खर्ची पडली. जाणारा पाय राखण्याचे काम पुढच्यांनी हाती घ्यावे.