घर व गोठ्यासाठी पोर्टेबल जनरेटर : चेंजओव्हर स्विचशिवाय जोडणी नको

पावसाळ्यात वादळाने तारा तुटल्या की वस्तीवरची वीज कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही. दूध काढणी यंत्र, कोंबड्यांच्या शेडमधील पंखे, पिण्याच्या पाण्याची मोटर हे सर्व थांबते. अशा वेळी २ ते ७.५ केव्हीएचा पोर्टेबल जनरेटर उपयोगी पडतो. मात्र तो घराच्या वायरिंगला चुकीच्या पद्धतीने जोडला, तर घराबाहेर काम करणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर का नको?

अनेक ठिकाणी वायरच्या दोन्ही टोकांना पिन बसवतात. एक टोक जनरेटरला आणि दुसरे घरातील प्लगमध्ये घालतात. घर उजळते, पण मेन स्विच चालू राहिला असेल तर तीच वीज मीटरमधून सर्व्हिस वायरने खांबावर आणि पुढे डीपीपर्यंत जाते. डीपी वरच्या तारांतील ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरांना २३० व्होल्ट देते. खालच्या बाजूने २३० व्होल्ट मिळाले, तर तीच डीपी तो दाब पुन्हा हजारो व्होल्टपर्यंत चढवते. लाइन बंद आहे असे समजून महावितरणचा जनमित्र तारेला हात लावतो. कित्येक गावांत फ्यूज टाकायला आपल्यातलाच कोणीतरी डीपीवर जातो. हे करूच नये. पण तो गेला, तर धक्का त्यालाच बसतो.

‘जनरेटर लहान आहे, गावाचा भार पडला की बंद पडेल’ या भरवशावर राहू नका. तार जवळच तुटली असेल किंवा फ्यूज काढला असेल, तर जनरेटरवर फक्त तुमच्या बाजूचा तारेचा तुकडा राहतो आणि तो चालूच राहतो. याशिवाय वायरची एक पिन प्लगमधून निसटली, तर तिच्या उघड्या पितळेत वीज असते. घरात लहान मुले असतील तर हा धोका अधिक.

‘मी आधी मेन बंद करतो’ असे बरेच जण सांगतात. रात्री पाऊस कोसळत असताना, घाईत, आठवण हे सुरक्षेचे साधन होऊ शकत नाही. शिवाय मेन चालू असताना लाइन आली, तर दोन्हीकडची वीज एकमेकांवर आदळते. जनरेटर जळतो, आग लागू शकते.

योग्य जोडणी

मीटर व मेन स्विचनंतर चेंजओव्हर स्विच बसवावा. त्याच्या तीन जागा असतात : महावितरण, बंद, जनरेटर. दांडा एका वेळी एकाच बाजूला राहतो, त्यामुळे दोन्ही वीज एकत्र येऊच शकत नाहीत.

• सिंगल फेजसाठी दोन पोलचा, तीन फेजसाठी चार पोलचा स्विच घ्यावा. फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे.
• ५ केव्हीए सिंगल फेज जनरेटर सुमारे २२ अँपिअर देतो. त्यासाठी ३२ अँपिअरचा चेंजओव्हर, २० अँपिअरचा एमसीबी आणि किमान ४ चौरस मिमी तांब्याची वायर वापरावी. अंतर जास्त असल्यास वायर जाड घ्यावी.
• जनरेटरच्या सांगाड्याला चांगले अर्थिंग द्यावे. अनेक पोर्टेबल जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसतो. अशा वेळी आरसीसीबी नीट काम करत नाही. ही जोडणी वायरमनकडून तपासून घ्यावी.
• चेंजओव्हरच्या आधी महावितरणच्या बाजूला छोटा इंडिकेटर दिवा लावावा. लाइन आल्याचे लगेच कळते.

किती केव्हीए घ्यावा?

केव्हीएला ०.८ ने गुणले की साधारण किलोवॉट मिळतात. उदाहरणार्थ, ९ वॉटचे १० दिवे (९० वॉट), ७५ वॉटचे ४ पंखे (३०० वॉट), फ्रिज (२०० वॉट) आणि १ एचपी मोटर (सुमारे १००० वॉट) मिळून १५९० वॉट होतात. कागदावर ३ केव्हीए, म्हणजे २४०० वॉट, पुरेसे दिसतात. पण मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या ५ ते ६ पट करंट ओढते. म्हणून येथे ५ केव्हीए घ्यावा. विहिरीवरची तीन फेज मोटर सिंगल फेज जनरेटरवर चालत नाही.

चालू व बंद करण्याचा क्रम

१. चेंजओव्हर ‘बंद’ जागी आणावा, सर्व उपकरणे बंद करावीत.
२. जनरेटर भाराशिवाय सुरू करून २ ते ३ मिनिटे चालू द्यावा.
३. चेंजओव्हर ‘जनरेटर’कडे न्यावा. आधी मोटर, मग इतर उपकरणे एकेक चालू करावीत.
४. लाइन आल्यावर उपकरणे बंद करावीत, चेंजओव्हर ‘बंद’वर आणावा, जनरेटर थांबवावा आणि नंतरच ‘महावितरण’कडे न्यावा.

धूर आणि इंधन

जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरात, पडवीत, गोठ्यात किंवा बंद मोटर खोलीत जनरेटर चालवू नये. दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर, छताखाली पण चारही बाजू मोकळ्या असलेल्या जागी ठेवावा. धुराचे तोंड कोंबड्यांच्या शेडकडे नसावे. जनरेटर थंड झाल्यावरच पेट्रोल भरावे.

कायदेशीर बाबी

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार वायरिंगमधील असे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागते. कामाची पावती व तपासणी अहवाल जपून ठेवावा. जनरेटर बसवल्याचे महावितरणच्या शाखा कार्यालयाला लेखी कळवावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. मोठ्या जनरेटरसाठी विद्युत निरीक्षक कार्यालयात आधी चौकशी करावी. उलट्या प्रवाहाने कुणाचा मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

तार तुटली असल्यास तिच्याजवळ जाऊ नये, १९१२ वर कळवावे. कुणाला धक्का बसला तर त्याला हात न लावता आधी जनरेटर व मेन बंद करावा आणि १०८ ला फोन करावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी मान्सूनपूर्व शिवारफेरीत जनरेटर असलेल्या घरांची यादी करावी आणि चेंजओव्हर स्विच आहे का, एवढे जरूर पाहावे. तो नसेल, तर जनरेटरचा सॉकेट आणि उपकरण यांमध्ये थेट एक्स्टेंशन बोर्ड वापरण्यास सांगावे. घराच्या वायरिंगला जनरेटर जोडू देऊ नये.