वजन सांगणाऱ्याच्या भरवशावर

करळ फाट्यावर ट्रेलरच्या रांगेत कधी अडकला असाल, तर कंटेनर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. २६ मे १९८९ ला न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि उरणकडे हा शब्द घरोघरी पोचला.

मी ज्या कंटेनरवर पोट भरतो तो लोखंडाचा नाही. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सामान एकत्र बांधलं की झाला आमचा डबा. असे डबे कुठल्या सर्व्हरवर ठेवायचे ते कुबरनेटीस ठरवतं. गूगलने ते २०१४ मध्ये खुलं केलं. नाव ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा!

जहाजावर जड डबे खाली, हलके वर. पण वजन किती? वर्षानुवर्षं, पाठवणारा सांगेल ते. जानेवारी २००७ मध्ये 'एमएससी नेपोली' इंग्लिश चॅनेलच्या वादळात तडकलं. मुख्य दोष सांगाड्याच्या ताकदीचा होता, पण नंतर डेकवरचे सुमारे ६६० कोरडे डबे काट्यावर घातले, तर १३७ डब्यांचं वजन सांगितल्यापेक्षा तीन टनांहून जास्त चुकलेलं. १ जुलै २०१६ पासून जगभर, न्हावा शेवातही, पडताळलेलं वजन दिल्याशिवाय डबा जहाजावर चढत नाही.

कुबरनेटीस अजून सांगितलेल्या वजनावरच चालतं. तुम्ही लिहिलेली सीपीयू-मेमरीची मागणी जिथे मावत नाही ते सर्व्हर गाळायचे, उरलेल्यांना गुण द्यायचे, वरचा निवडायचा. खरा वापर किती, ते तो बघत नाही. मागणी लिहिलीच नाही, तर जागा बघताना ती शून्य धरतो. पहिल्या नोकरीत मी तेच केलं. रात्री सर्व्हरची मेमरी संपली आणि लिनक्सने पहिली आमचीच सर्व्हिस मारली. रास्तच होतं म्हणा.

मग दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं आम्ही सगळीकडे दुप्पट आकडे लिहिले. बंदरावर लोक वजन लपवायचे, आम्ही फुगवलं. सर्व्हर कागदावर भरलेले, आतून रिकामे. गूगलमध्ये हा रोग जुनाच. कुबरनेटीसचा थोरला भाऊ 'बोर्ग', त्याच्यावरचा २०१५ चा निबंध वाचा: मागून न वापरलेली जागा बोर्ग परत काढून घेतो आणि कमी महत्त्वाच्या कामांना देतो. त्यांच्या मधल्या आकाराच्या क्लस्टरमध्ये सुमारे २० टक्के काम अशा जागेवर चालायचं.

आमच्याकडे अजून अंदाजपंचे. मागच्या आठवड्याचा वापर बघून आकडे खाली आणायचं काम सध्या माझ्याकडे आलंय, आणि प्रत्येक टीम म्हणते, आमचे सोडून बाकीच्यांचे कापा.