करवंदीचे कुंपण

करवंद (कॅरिसा कॅरंडास) या सदाहरित, काटेरी झुडपाची दाट ओळ लावून केलेली जिवंत वई. झुडूप कण्हेरीच्या कुळातले (ॲपोसायनेसी) असून फांदी मोडताच पांढरा चिकट चीक येतो. सह्याद्रीच्या उतारांवर आणि कोकणच्या कातळावर करवंदीच्या जाळ्या आपोआप माजतात. पाने जाड, चकचकीत, समोरासमोर. काटे २ ते ५ सेंमी. लांब, पुष्कळदा टोकाशी दुभंगलेले. आडोसा बारमाही टिकतो आणि गुरे आत शिरत नाहीत. कोयनेलीचे कुंपण याहून लवकर भरते, पण ते फळ देत नाही.

बी ताजेच पेरावे लागते. साठवल्यास उगवण झपाट्याने घटते. फाटे सहजी मूळ धरत नाहीत, पावसाळ्यातील गुटी कलम अधिक भरवशाचे. वर्षभराची रोपे पावसाच्या आरंभी ६० ते ९० सेंमी. अंतरावर लावतात (फळबागेत हेच अंतर सुमारे ३ मी. असते). मुरमाड, हलकी जमीन चालते, पाणी साचणारी चालत नाही. रोपे कोवळी असतानाच शेंडे खुडावेत. तसे न केल्यास ती उंच जातात आणि बुडाशी खिंडारे राहतात. ती पुढे बुजवणे फार कठीण. याच कारणाने कुंपणाचा पायथा माथ्यापेक्षा रुंद ठेवावा, म्हणजे खालच्या फांद्यांना ऊन मिळते.

छाटणीची वेळ हा यातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. करवंदीचा पांढरा, सुगंधी फुलोरा फांद्यांच्या टोकांना येतो. दर महिन्याला कातरी चालवली की कुंपण सुबक दिसते, पण टोकांबरोबर फुलेही जातात. रानकरवंदे एप्रिल-मेमध्ये पिकतात. ती उतरवून पावसाच्या तोंडावर एकदाच छाटावे आणि दिवाळीनंतर हात लावू नये. एवढा संयम नसेल तर करवंदी लावण्यात अर्थ नाही, तिला नुसती हिरवी भिंत करून ठेवणे हा अपव्ययच होय. उत्तर भारतात लावल्या जाणाऱ्या मोठ्या फळांच्या वाणांची फळे पावसाळ्यात तयार होतात, म्हणून त्यांची छाटणीही त्यानंतर.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’, तर पंतनगरच्या विद्यापीठाने ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ व ‘पंत सुवर्णा’ हे वाण दिले आहेत. कच्च्या फळांचे लोणचे घालतात. त्यांत पेक्टिन भरपूर असल्याने जेली चांगली धरते.