जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी मराठी फाइली युनिकोडमध्ये आणा

पंधरा-वीस वर्षांपूर्वी एखाद्या मंडळाने काढलेल्या स्मरणिकेची फाइल सीडीवर जपून ठेवलेली असते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ती नव्या संगणकावर उघडली जाते आणि पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे आणि उद्गारचिन्हे यांची निरर्थक गर्दी दिसते. फाइल खराब झालेली नसते. तिला विषाणूची बाधाही झालेली नसते. ज्या फॉन्टमध्ये मजकूर टंकित केला होता, तो फॉन्ट नव्या संगणकावर नसतो, एवढेच. मात्र हे 'एवढेच' पुष्कळदा फार महाग पडते. १९९० आणि २००० या दशकांत महाराष्ट्रातील मुद्रणालये, शाळा, पतसंस्था, ग्रंथालये आणि प्रकाशनसंस्था यांच्याकडे तयार झालेला बराचसा मराठी मजकूर आजही याच अवस्थेत आहे.

अक्षर दिसते, पण साठते काय?

संगणक अक्षरे साठवत नाही, तो अंक साठवतो. कोणत्या अंकाला कोणते अक्षर समजायचे, याच्या ठरलेल्या तक्त्याला संकेतप्रणाली म्हणतात. इंग्रजीसाठी रूढ झालेल्या 'आस्की' या प्रणालीत १२८ जागा होत्या. पुढे आठ बिटांच्या वापरामुळे त्या २५६ झाल्या. त्यात देवनागरीला स्थान नव्हते. भारतीय भाषांसाठी 'इस्की' हा संकेत तयार झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याला मानकाचा दर्जा दिला. पुण्याच्या सी-डॅक संस्थेची जिस्ट प्रणाली याच संकेतावर आधारलेली होती. मात्र बाजारातील बहुतेक प्रकाशनविषयक सॉफ्टवेअरना हा संकेत कळत नसे.

त्यामुळे फॉन्ट तयार करणाऱ्यांनी व्यवहार्य तोडगा काढला. इंग्रजी अक्षरांच्याच जागी त्यांनी मराठी अक्षरांची चित्रे बसवली. हिंदीत अतिशय प्रचलित आणि मराठीतही वापरल्या गेलेल्या 'कृतिदेव' फॉन्टचे उदाहरण घेता येईल. या फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द उमटवण्यासाठी ई, जे, के, शिफ्टसह बी आणि एच या कळा दाबाव्या लागतात. पडद्यावर 'मराठी' दिसते. पण संगणकाच्या स्मृतीत ही पाच इंग्रजी अक्षरेच साठतात. फॉन्ट काढून घेतला की मराठीचा वेष उतरतो आणि ती उघडी पडतात.

हा वेष प्रत्येक कंपनीचा निराळा होता. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी', सी-डॅकचे 'आयएसएम' यांसह अनेक उत्पादने वापरात होती आणि त्यांच्या फॉन्टमध्ये कोणत्या जागी कोणते अक्षर असावे याबाबत एकवाक्यता नव्हती. एका फॉन्टमधील मजकुराला दुसरा फॉन्ट लावला तर तो वाचता येत नसे. त्या काळी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे वाचण्यापूर्वी प्रत्येक वृत्तपत्राचा फॉन्ट वेगळा उतरवून घ्यावा लागे, त्याचे कारण हेच होते.

युनिकोडने काय बदलले?

जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक वर्णाला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक देणारी प्रणाली म्हणजे युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून बेतलेला आहे आणि त्यात १२८ जागा आहेत. युनिकोडमध्ये 'क' हा कोणत्याही फॉन्टमध्ये 'क'च राहतो. फॉन्ट बदलला तर अक्षराचे वळण बदलते, अक्षर नव्हे.

सर्वसामान्य संगणकावर ही सोय विंडोज २००० पासून 'मंगल' या फॉन्टसह आली. विंडोज एक्स्पीमध्ये मात्र ती आपोआप सुरू होत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन क्लिष्ट लिप्यांचा पर्याय निवडावा लागे आणि त्यासाठी मूळ सीडी हाताशी असावी लागे. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून ही अट उरली नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया युनिकोडवरच उभा राहिला.

युनिकोडमधील मजकुराचा लाभ केवळ वाचनापुरता नाही. त्यात शब्द शोधता येतो, नावांची यादी वर्णानुक्रमे लावता येते, मजकूर ई-मेल किंवा मोबाइलवर जसाच्या तसा पाठवता येतो. दृष्टिहीन व्यक्ती वापरतात ती पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर युनिकोड मराठी वाचू शकतात. जुन्या फॉन्टमधील मजकूर मात्र त्यांना इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळच ऐकवतो.

मराठीच्या खास गरजा

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. हा भेद दाखवणारा अर्धा 'र' मराठीची खासियत आहे. युनिकोडमध्ये तो खाली टिंब असलेल्या 'ऱ' ला हलन्त जोडून लिहिला जातो. रूपांतरात तो चुकला तर शब्दाचा अर्थच बदलतो.

'ॲ' या अक्षराला स्वतंत्र जागा २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्यापूर्वी 'अ' वर चंद्र देऊन ते लिहिले जाई. दोन्ही रूपे दिसायला सारखी असली तरी संगणकाच्या दृष्टीने भिन्न आहेत. म्हणून एका रूपात शोधलेला 'ॲड.' हा शब्द दुसऱ्या रूपात टंकित केलेल्या यादीत न सापडण्याची शक्यता असते. एका संस्थेच्या सर्व फाइलींत एकच रूप ठेवणे श्रेयस्कर.

'ल' आणि 'श' यांच्या मराठी व हिंदी वळणांत फरक आहे. मात्र दोन्हींचा युनिकोड क्रमांक एकच आहे. कोणते वळण दिसावे, हे फॉन्टवर आणि मजकुराची भाषा काय नोंदवली आहे त्यावर अवलंबून असते. त्यामुळे तो रूपांतराचा दोष समजू नये.

आताच घाई कशासाठी?

जुन्या फाइली उघडणारी साधने एकामागून एक बंद होत आहेत. पेजमेकरची ७.० ही शेवटची प्रमुख आवृत्ती २००१ मध्ये आली. त्या फाइली इनडिझाइनच्या २०१२ मधील सीएस ६ या आवृत्तीपर्यंत उघडता येत होत्या. नंतरच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. मुद्रणव्यवसायात एके काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'टाइप १' प्रकारच्या फॉन्टचे समर्थन अडोबीने जानेवारी २०२३ मध्ये थांबवले.

१९९० च्या दशकातील काही प्रोग्राम १६ बिटांचे होते. ते ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाहीत आणि २०२१ मध्ये आलेले विंडोज ११ केवळ ६४ बिटांचे आहे. काही मराठी सॉफ्टवेअर सुरू होण्यासाठी प्रिंटरच्या जुन्या पोर्टला 'लॉक' लावावे लागे. नव्या संगणकांना ते पोर्टच नसते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबवले आणि अनेक कार्यालयांत जुने संगणक बदलण्याची वेळ आली. संगणकाबरोबर त्यातील फॉन्टही भंगारात गेला, तर फाइल हाती राहूनही मजकूर परका होतो.

रूपांतर कसे करावे?

• जुना संगणक सुरू असतानाच प्रत्येक फाइलमध्ये वापरलेल्या फॉन्टचे नेमके नाव लिहून ठेवावे. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमधील मांडणीही वेगळी असू शकते. त्यामुळे केवळ कंपनीचे नाव पुरत नाही.

• त्याच संगणकावर फाइलची पीडीएफ प्रत तयार करावी आणि फॉन्ट तिच्यात अंतर्भूत झाल्याची खात्री करावी. पुढे पडताळणीसाठी मूळ रूप डोळ्यांसमोर राहते.

• मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करावे. रूपांतरानंतरही मूळ फाइल पुसू नये.

• फॉन्टनुसार योग्य रूपांतरक निवडावा. आधी एका पानावर प्रयोग करावा आणि निकाल समाधानकारक असल्यावरच उर्वरित मजकूर द्यावा. सभासदांची माहिती, हिशेब किंवा न्यायालयीन कागद इंटरनेटवरील अनोळखी रूपांतरकात टाकू नयेत. त्यासाठी स्वतःच्या संगणकावर चालणारे साधन वापरावे.

• मजकुरातील इंग्रजी शब्द आधी वेगळे करावेत. रूपांतरकाला सारीच अक्षरे इंग्रजी दिसतात, म्हणून खरे इंग्रजी शब्दही तो मराठी समजून बदलतो. वर्डमध्ये फॉन्टच्या नावावरून शोध घेऊन असे शब्द हेरता येतात.

• तयार मजकूर शुद्ध मजकुराच्या स्वरूपात युटीएफ-८ या संकेतात, तसेच नेहमीच्या दस्तऐवजाच्या स्वरूपात अशा दोन्ही प्रकारे जतन करावा.

कोठे चुका होतात?

जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जात. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'क' नंतर येई. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो. आधी 'क', मग वेलांटी. रफाराचे याच्या उलट आहे. 'अर्थ' या शब्दात जुन्या पद्धतीत रफार 'थ' नंतर येई, तर युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त 'थ' च्या आधी येतात. रूपांतरकाला ही उलटापालट प्रत्येक शब्दात करावी लागते. जोडाक्षर, वेलांटी आणि रफार एकत्र आले की तो हमखास अडखळतो. 'मूर्ती', 'आर्थिक', 'शिष्यवृत्ती', 'दऱ्या' असे शब्द मुद्दाम तपासावेत. आडनावे, रकमा, तारखा आणि अवतरणचिन्हे यांचे वाचन मूळ छापील प्रतीशी ताडूनच करावे. शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाला चुकलेले आडनाव कळत नाही.

फॉन्टच उपलब्ध नसेल आणि केवळ छापील प्रत किंवा पीडीएफ हाती असेल, तर प्रतिमेवरून अक्षरे ओळखणाऱ्या साधनांचा आधार घेता येतो. 'टेसरॅक्ट' हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी ओळखते. स्वच्छ छपाईच्या पानांवर त्याचा उपयोग होतो. पुसट झेरॉक्सवर चुकांचे प्रमाण वाढते.

नवा मजकूर कोणत्या पद्धतीने?

रूपांतराचा खटाटोप पुन्हा करावा लागू नये, यासाठी नवे टंकलेखन युनिकोडमध्येच व्हावे. इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. हीच रचना इतर भारतीय लिप्यांनाही लागू पडते. इंग्रजी अक्षरांतून उच्चारानुसार मराठी उमटवण्याची सोय विंडोज १० मध्ये २०१९ पासून अंतर्भूत झाली. पद्धत कोणतीही असली तरी साठणारा संकेत एकच असतो. फॉन्टचीही वानवा राहिलेली नाही. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू', राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' असे फॉन्ट निःशुल्क उपलब्ध आहेत.

हे काम एका दिवसात उरकणारे नाही. पण सर्व फाइलींना सारखाच अग्रक्रम देण्याचेही कारण नाही. ज्यांची छापील प्रत कोठेही नाही, अशा इतिवृत्तांपासून, सभासद नोंदींपासून आणि अप्रकाशित हस्तलिखितांपासून सुरुवात करावी. पुस्तक छापलेले असेल तर ते पुन्हा टंकित करता येते. ज्या मजकुराची एकमेव प्रत जुन्या फॉन्टमध्ये आहे, त्याला मात्र तो फॉन्ट उघडणारा शेवटचा संगणक चालू आहे तोवरच अवधी आहे.